टॉफीच्या कागदावर मालकाचं नाव छापा

प्रति,
मा. ग्राहक व्यवहार मंत्री, भारत सरकार
आणि
मा. अध्यक्ष, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय: गोळ्या, टॉफी, चॉकलेट यांच्या पाकिटावर ब्रँडचा खरा मालक आणि त्याचा देश छापणे बंधनकारक करण्याबाबत

स.न.वि.वि.

परभणीच्या मोंढ्यात माझं गोळ्या-बिस्किटांचं होलसेलचं दुकान आहे. जिंतूर, मानवत, पाथरी, गंगाखेडकडचे किराणावाले आणि शाळांजवळ टपरी चालवणारे माझ्याकडून माल भरतात. मागणी आधीच सांगून टाकतो. गोळी, टॉफी, चॉकलेट यांच्या पाकिटावर त्या ब्रँडचा शेवटचा मालक कोण आणि तो कोणत्या देशातला, हे वाचता येईल अशा अक्षरात छापायला लावा. बंदी नको, जादा कर नको, कुणाला देशाबाहेर घालवायला नको. नाव छापा, एवढंच.

आमच्याकडं लेकरं कुठल्याही टॉफीला चाकलेटच म्हणतात आणि जे हाताला लागेल ते घेतात. मोठी माणसं नाव घेऊन मागतात. चाळिशी-पन्नाशीतला माणूस गावाकडं जाताना पोरांसाठी खाऊ घ्यायला थांबतो आणि स्वतः लहानपणी खाल्लेलीच गोळी मागतो. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नवी गोळी खपवायची तर कंपनीला स्कीम द्यावी लागते, दुकानात डिस्प्ले लावावा लागतो, सेल्समनला दर आठवड्याला पिटाळावं लागतं. जुन्या नावाला यातलं काही लागत नाही, ते आपोआप उठतं. म्हणून मोठ्या कंपन्या जुनी नावं विकत घेतात. तीस-चाळीस वर्षांत लोकांनी त्या नावावर टाकलेला विश्वास त्यांना एका सहीनिशी मिळतो.

आता नावं घेऊनच बोलतो. कॉफी बाइट आणि लॅक्टो किंग मद्रासच्या पॅरीजची. मुरुगप्पा समूहाची ही कंपनी 2004 साली कोरियाच्या लॉटेनं घेतली. महालॅक्टो न्यूट्रिनची, आणि न्यूट्रिन आंध्रातल्या चित्तूरची, 1952 पासूनची. 2006 मध्ये ती गोदरेजकडं गेली. पुढच्याच वर्षी गोदरेजनं अमेरिकेच्या हर्शीला भागीदार करून घेतलं आणि 2012 मध्ये गोदरेज बाहेर पडल्यावर सगळा कारभार हर्शीकडं आला. सहा वर्षांत मालकी चित्तूरहून मुंबईला आणि मुंबईहून पेनसिल्व्हेनियाला गेली. या सगळ्या काळात आमच्याकडं माल त्याच नावानं येत राहिला आणि गिऱ्हाईक त्याच नावानं मागत राहिलं.

बूमर च्युइंगगमचं उदाहरण वेगळं आहे. ती मुळातच स्पेनच्या जॉयको कंपनीची. 2004 मध्ये अमेरिकेच्या रिगलीनं जॉयको घेतली आणि 2008 मध्ये रिगलीच मार्सच्या ताब्यात गेली. पण नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या माझ्या गिऱ्हाइकांना बूमर परदेशी आहे असं कधी वाटलंच नाही. कॅडबरी तर 1948 पासून भारतात आहे. आमच्या खेड्यापाड्यांत चॉकलेटला कॅडबरी म्हणतात, इतकं ते नाव घरचं झालं. मूळ इंग्लंडची ही कंपनी 2010 मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टनं घेतली आणि 2012 पासून तिचा मालक मोंडेलीझ आहे.

उलट बाजूही आहे, ती लपवणार नाही. ब्रिटानिया हे नाव ऐकून पुष्कळ लोकांना ती इंग्रजांची कंपनी वाटते. फ्रान्सच्या डॅनोनचा तिच्यातला वाटा वाडियांनी 2009 मध्ये विकत घेतला, ती भारतीय हातात आहे. आणि पारलेची किसमी, मेलडी, पॉपिन्स आजही मुंबईच्या चौहान कुटुंबाच्या कंपनीचीच आहेत. म्हणजे नावावरून मालक ओळखता येत नाही, ना देशी, ना विदेशी. माझं सगळं म्हणणं यातूनच निघतं.

रावळगावबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. मालेगाव तालुक्यातलं हे गाव आमच्या संभाजीनगर जिल्ह्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यात आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी तिथं 1933 मध्ये साखर कारखाना काढला आणि 1942 पासून रावळगावच्या गोळ्या निघू लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही त्यांची नावं माझ्या पिढीच्या तोंडात आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये ही नावं रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटी रुपयांना घेतली. मालक भारतीयच राहिला, त्यामुळं हा परदेशी सौदा नाही. पण या सौद्यात काय विकलं गेलं ते पाहा. ट्रेडमार्क विकले, गोळ्यांच्या पाककृती विकल्या. जमीन, इमारत आणि यंत्रं जुन्या कंपनीकडंच राहिली. रावळगाव हे नाव आता रावळगावातल्या कारखान्याशी बांधलेलं नाही. एका गावाचं नाव त्या गावातून उचलून दुसरीकडं नेता येतं आणि कायदा त्याला मोकळीक देतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

नाव ज्याच्या हातात, त्याचं भवितव्यही त्याच्याच हातात. 1993 मध्ये कोका-कोलानं रमेश चौहानांकडून थम्सअप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट घेतली. थम्सअप चाललं, म्हणून राहिलं. गोल्ड स्पॉट नव्या मालकानं बंद केलं. खरेदीदाराला तसा अधिकार होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या आवडीच्या वस्तूचं काय करायचं ते कोण ठरवतो, हे लोकांना माहीत असायला हवं.

आमच्या मराठवाड्यातलं एक नाव मात्र असं विकता येत नाही. धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. तिथल्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या रस्त्यानं जाणारी गाडी पेढ्यासाठी थांबल्याशिवाय सहसा पुढं जात नाही. भौगोलिक मानांकनाच्या कायद्याचं कलम 24 सांगतं की हा हक्क कुणाला विकता येणार नाही, भाड्यानं देता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही. तो त्या भागातल्या बनवणाऱ्यांकडंच राहील. हा कायदा 1999 चा. ट्रेडमार्कचा कायदाही 1999 चाच, आणि त्यात नाव विकायची पूर्ण मुभा आहे. एकाच वर्षी संसदेनं दोन कायदे केले आणि त्यातल्या एकानं मान्य केलं की काही नावं बनवणाऱ्यांची आणि त्यांच्या मातीची असतात. टॉफीच्या ब्रँडला मानांकनासारखं संरक्षण द्या असं मी म्हणत नाही, धंद्यात खरेदी-विक्री होणारच. ज्या नावाचा सौदा होऊ शकतो, त्याचा सौदा झाल्याचं खाणाऱ्याला कळावं, एवढं तरी करता येईल.

तुम्ही म्हणाल, पाकिटावर सगळं छापलेलं असतं. माझ्या काउंटरवर या, दाखवतो. एक सुटी टॉफी घ्या. दोन्ही टोकांना पीळ, मधे मोठ्या अक्षरात ब्रँड, कडेला हिरवा ठिपका. 100 चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या वेष्टनाला घटक, पोषणमूल्यं, बॅच नंबर यांतून तुमच्याच नियमांनी सूट दिली आहे. 10 ग्रॅमपर्यंतच्या मालाला वजनमापाच्या नियमांतूनही सूट आहे. ती सूट रास्तच आहे, एवढ्याशा कागदावर किती मावणार? वगळलेली माहिती मोठ्या पाकिटावर असावी अशी नियमात सोय आहे. पण टॉफी मोठ्या पाकिटातून गिऱ्हाइकाच्या हातात जातच नाही. टपरीवाला पाकीट फाडतो, टॉफ्या बरणीत ओततो, झाकण लावतो आणि पाकीट टाकून देतो. रुपया-दोन रुपये देऊन गोळी घेणाऱ्या लेकराच्या किंवा त्याच्या आईच्या डोळ्यांसमोर ती माहिती कधीच येत नाही.

बरं, मोठं पाकीट वाचलं तरी काय कळतं? 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणं त्यावर ब्रँड ओनरचं नाव आणि पत्ता असतो. हा ब्रँड ओनर म्हणजे बहुतेक वेळा भारतात नोंदवलेली कंपनी. पुष्कळदा नावात इंडिया असतं आणि पत्ता गुरुग्राम, मुंबई नाहीतर चेन्नईचा. कायद्यानं त्यात काही चूक नाही. पण या कंपनीचे शेअर कुणाच्या हातात आहेत, नफा शेवटी कुठं जातो, हे त्या चार ओळींत कुठंच नाही. वाचणारा वाचतो, इंडिया पाहतो आणि पाकीट खाली ठेवतो. मूळ देशाचा जो नियम आहे तो वस्तू कुठं तयार झाली एवढंच विचारतो. तमिळनाडूत बनलेल्या टॉफीचा मूळ देश भारतच, मग मालक सोलचा असो की चेन्नईचा.

हे मला सगळ्यात जास्त बोचतं ते ध्वजवंदनाच्या दिवसांत. देशात 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला शाळांतून लेकरांना गोळ्या वाटतात. आमच्याकडं तिसरा दिवस आहे, 17 सप्टेंबर. 1948 मध्ये याच तारखेला निजामाची राजवट संपून मराठवाडा मुक्त झाला. झेंडावंदन होतं, हुतात्म्यांची नावं घेतली जातात आणि लेकरं हातात दोन गोळ्या घेऊन घरी जातात. आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या मोंढ्यात शिक्षकांची रीघ लागते. त्यातले बरेच जण स्पष्ट सांगतात, "दादा, उद्याच्या दिवसाला आपल्या देशातली द्या." त्यांची भावना शंभर टक्के खरी असते. पाकीट उलटंपालटं करून वाचायचा ते प्रयत्नही करतात. मी या धंद्यात आहे, वर्तमानपत्रातल्या सौद्यांच्या बातम्या कापून ठेवतो, म्हणून मला थोडंफार सांगता येतं. सेलू-सोनपेठच्या एखाद्या वाडीतल्या टपरीवाल्यानं काय सांगावं? आणि त्यानं ते पाठ का करून ठेवावं? पाकिटावर छापलेलं असलं की शिक्षकांनी वाचावं आणि हवं ते घ्यावं.

2025 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी व्यापाऱ्यांना दुकानाबाहेर स्वदेशीची पाटी लावायला सांगितलं. मोंढ्यात ती चर्चा बरेच दिवस चालली. मला पाटी लावायला आवडेल, अभिमानानं लावीन. पण माझ्या दुकानात शेकडो प्रकारचा माल आहे. कुठल्या रॅकवर ती पाटी लावू? पंतप्रधानांनी तेव्हाच असंही सांगितलं की पैसा कुणाचा का असेना, घाम आपल्या माणसाचा असला म्हणजे ते स्वदेशी. या व्याख्येनं कॉफी बाइट स्वदेशी ठरते, कारण ती इथं बनते. माझ्या शेजारच्या व्यापाऱ्याला ही व्याख्या पटत नाही. त्याच्या मते नफा बाहेर जातो ते विदेशीच. मी दोघांचंही ऐकून घेतो. कारखान्यात काम करणारी माणसं आपली आहेत, साखर आणि दूध इथलं असेल तर आपल्या शेतकऱ्याच्याही हाताला काही लागतं, ही गोष्ट खोटी नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचं पोट साखरेवरच आहे, ती साखर कुणी घेतो हे बरंच आहे. पण या दोन मतांमधला निवाडा दिल्लीनं गिऱ्हाइकाच्या वतीनं करून टाकू नये. कुठं बनली तेही छापा, मालक कुठला तेही छापा. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते लोक ठरवतील.

माहिती नसली की अफवा चालते. व्हॉट्सॲपवर देशी-विदेशी मालाच्या याद्या सतत फिरतात. त्यांत ब्रिटानिया विदेशी असते आणि ज्याची मालकी कधीच बाहेर गेली तो ब्रँड देशीच्या रकान्यात दिसतो. अशा यादीच्या जोरावर पोरं दुकानात येऊन वाद घालतात, एखाद्या कंपनीच्या सेल्समनला वाटेल ते बोलतात. तो सेल्समनही इथल्याच एखाद्या खेड्यातला पोरगा असतो, महिन्याच्या टार्गेटखाली दबलेला. सरकारी नियमानुसार पाकिटावर नाव आलं की अशा याद्यांची गरजच उरणार नाही. ज्या परदेशी कंपन्या इथं सचोटीनं धंदा करतात, त्यांचाही यात फायदा आहे.

हे अवघड आहे असं कृपया सांगू नका. कोणती कंपनी कुणाची उपकंपनी, हे प्रत्येक कंपनी वार्षिक विवरणात सरकारला दरवर्षी लिहून देते. पडद्यामागचा खरा लाभार्थी मालक कोण, हे विचारायला कंपनी कायद्यात कलम 90 आहे. एप्रिल 2020 मध्ये प्रेस नोट 3 काढून सरकारनं शेजारच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीमागचा खरा मालक तपासायला सुरुवात केली. सरकारला स्वतःसाठी ही माहिती महत्त्वाची वाटते आणि ती त्याच्याकडं असतेही. गिऱ्हाइकालाही ती द्या.

तुमचं प्राधिकरण शब्दांच्या बाबतीत किती काटेकोर असू शकतं हेही आम्ही पाहिलं आहे. जाहिरात आणि दाव्यांच्या 2018 च्या नियमांत ‘ओरिजिनल’, ‘ट्रॅडिशनल’ हे शब्द पाकिटावर कधी वापरायचे याच्या अटी आहेत. जुनी पाककृती बदलली तर ते शब्द वापरता येत नाहीत. 1 ऑक्टोबर 2020 पासून मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘बेस्ट बिफोर’ची तारीख लावायला लावलीत. आमच्या गल्लीतल्या पेढेवाल्यालाही तो नियम लागू झाला, माळेगावच्या यात्रेला दुकान लावणाऱ्यालाही. गुडीशेव, रेवड्या, बत्तासे विकणारी ही माणसं आहेत. पाडव्याआधी साच्यात दोरा टाकून साखरेच्या गाठी ओतणारा कारागीर दुकानाच्या मागच्या खोलीतच राबतो, त्याचा मालक कोण हे कुणाला विचारावं लागत नाही. हातात वही-पेन असलेल्या छोट्या माणसाला जो नियम पाळता येतो, तसा नियम अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला नक्कीच पाळता येईल.

आता नेमकं काय करावं ते माझ्या अनुभवावरून लिहितो. मोठ्या पाकिटावर ब्रँड ओनरच्या पत्त्याखाली आणखी एक ओळ यावी: अंतिम मालक कंपनी आणि तिचा देश. हिंदी-इंग्रजीबरोबर माल जिथं विकला जातो तिथल्या भाषेतही ती असली तर उत्तम. सुट्या टॉफीच्या कागदावर फक्त देशाचं नाव पुरेल, हिरव्या ठिपक्याच्या शेजारी. जागा नाही असं कंपन्या म्हणतील, पण तिथं जाहिरातीचं वाक्य बसतं, मग देशाचं नाव का बसणार नाही? ज्या कागदावर स्थापनेचं साल किंवा जुन्या काळाची चित्रं छापून लोकांच्या आठवणीला हात घातला जातो, तिथं मालकी कोणत्या साली बदलली हेही लिहायला लावा. आणि टपरीवरच्या बरणीसाठी कंपनीनंच माहितीचं लेबल पुरवावं. बरणी आणि तिच्यावरचं स्टिकर कंपन्या आजही देतात, त्यावर नुसता ब्रँड असतो. माहितीचा बोजा टपरीवाल्यावर टाकू नका. तपासणीला आलेला अधिकारी त्यालाच दंड करील, ही भीती आमच्या लोकांना आहे आणि ती उगाच नाही.

इथल्या घरगुती आणि लहान उत्पादकांना, ज्यांचं नाव-गाव पाकिटावर आधीच आहे आणि मालक तेच आहेत, यातून वेगळं ठेवावं. त्यांच्यासाठी आणखी एक ओळ म्हणजे छपाईचा नवा खर्च.

कंपन्यांनी जुनी छापलेली वेष्टनं संपवायला मुदत मागितली तर जरूर द्या. लेबलमधले बदल दरवर्षी 1 जुलैपासून लागू करण्याची पद्धत तुम्हीच घालून दिली आहे. त्या हिशोबानं मसुदा काढा, हरकती-सूचना मागवा आणि तो मसुदा मराठीतही द्या, म्हणजे आमच्या मोंढ्यातले व्यापारी तो वाचून आपलं मत लेखी कळवतील. मी तर कळवीनच.

आपला,
परभणीच्या मोंढ्यातला एक गोळ्या-बिस्किटांचा व्यापारी